अवेळी मागितलेले धालो

गोव्याला जाऊन आले म्हटलं की शेजारणी समुद्राचं विचारतात. मी आधी धुळीचं सांगते. डिचोली सोडून पाळीच्या रस्त्याला लागलं की झाडं ओळखू येईनाशी होतात. काजू, फणस, माड, सगळी एकाच गेरूच्या हाताने सारवल्यासारखी. रस्त्याकडेच्या घरांच्या भिंतींचा मूळ रंग कोणता, हे त्या घरातल्या माणसालाच ठाऊक. आणि या धुळीत, एका रिकाम्या शेतात, हिरवा मांडव घातलेला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘धरती आमची माता’. मांडवाचं कापड वर टांगलं तेव्हा हिरवं होतं म्हणे. मी पाहिलं तेव्हा तेही लालसर व्हायला लागलं होतं.

तिथे मी सूत्रसंचालन करायला गेले होते.

सुषमा ही माझी धाकटी नणंद. लग्न होऊन डिचोलीला गेली, तेव्हा गोव्याचं राज्य नवंनवं होतं आणि तिथल्या घराघरांत मराठी की कोकणी यावर वाद चालायचे. आता वाद निवले आहेत आणि सुषमा दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलते. तिच्या महिला मंडळाने वसुंधरा दिन साजरा करायचं ठरवलं. कोल्हापुरात आमच्या पेठेत मी हादग्यापासून हळदीकुंकवापर्यंत सगळ्या कार्यक्रमांत माइक धरते, म्हणून तिचा फोन आला. “वहिनी, तुम्ही याच. इथल्या बायका माइक बघून पळतात.” माझे यजमान फाउंड्रीत कामाला. त्यांना सुट्टी मिळेना, मी एकटीच निघाले.

डिचोली

पहिल्या सकाळपासूनच माझी भाषेशी झटापट सुरू झाली. शेजारच्या बाई चौकटीत उभ्या राहून म्हणाल्या, “तुमकां च्या जाय?”

मी म्हटलं, “कुठं जायचं?”

सुषमा हसून हसून खाली बसली. ‘जाय’ म्हणजे हवं. चहा हवा का, असं त्या विचारत होत्या. देवनागरीतल्या पाट्या मला भराभर वाचता येत होत्या, त्यामुळे आपल्याला सगळं कळतंय असा माझा समज व्हायचा आणि दर थोड्या वेळाने तो तुटायचा.

सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो. त्याचा भोंगा ऐकला की दामोदरराव, म्हणजे सुषमाचे यजमान, स्वतः उठून जातात. कडक कवचाचा उंडो फोडून पातळभाजीत बुडवायचा. मला आमची कटवडा-पावाची सवय, तरी हा पाव मी दोन दिवसांत असा खायला लागले की दामोदररावांनी पोदेराला जास्तीचे सांगून ठेवले. मोठे अबोल गृहस्थ. त्यांचा स्वतःचा ट्रक आहे. खाणीवरून लोखंडाचं खनिज उचलायचं, नदीकाठच्या धक्क्यावर टाकायचं. तिथून ते बार्जेसमधून मुरगावला जातं आणि मुरगावहून बोटीने परदेशी.

“म्हणजे तुम्ही डोंगर वाहून नेता आणि सुषमा धरतीचा दिवस साजरा करते,” मी थट्टेने म्हटलं.

ते हसले नाहीत. “तुमच्याकडे फाउंड्री आहे ना, वहिनी?” एवढंच म्हणाले आणि चहा संपवून उठले.

आमच्या फाउंड्रीत वितळणारं बीडाचं लोखंड कुठून येतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मांड

दुपारी सुषमा मला कार्यक्रमाच्या गावी घेऊन गेली. पाळीच्या अलीकडे आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे. गावाच्या कडेला सारवलेलं मोकळं अंगण, मध्ये तुळस, एका बाजूला मोठं वारूळ. वारुळाला ताजी फुलं वाहिलेली. आमच्याकडे नागपंचमीला बायका गाणी म्हणत वारुळाला जातात, तसंच काही असेल म्हणून मी नागोबाला केला तसा नमस्कार केला.

“नाग नव्हे वहिनी, सातेरी,” सुषमा म्हणाली. “वारूळ म्हणजेच देवी. म्हणजे भुईच.”

त्या अंगणाला मांड म्हणतात. पौषात तिथे बायका धालो खेळतात. समोरासमोर दोन ओळी करायच्या, शेजारणीच्या कमरेत हात गुंफायचे आणि गात गात वाकत पुढे-मागे व्हायचं. वनदेवतेला, भुईला बोलवायचं. पायांत वहाणा नाहीत, पुरुषांना मध्ये यायची मुभा नाही. ऐकून मला आमचा हादगा आठवला, फक्त आमच्या हादग्यात हत्तीचं चित्र असतं आणि लक्ष सगळं खिरापतीवर असतं. इथे ज्या बायका सांगत होत्या, त्या सांगतानाही आवाज खाली आणत होत्या.

वसुंधरा दिनाचा मुख्य कार्यक्रम म्हणजे हेच धालो. मांडाला लागूनच्या शेतात घातलेल्या मांडवाचा आणि खुर्च्यांचा खर्च तिथली खाण कंपनी करणार होती आणि तिचे एक मोठे साहेब प्रमुख पाहुणे होते.

मी गोंधळले. “धूळ उडवणारे तेच आणि मांडव घालणारेही तेच?”

“दुसरं कोण देणार?” सुषमा म्हणाली. “शिवाय ते झाडंसुद्धा लावणार आहेत.”

पण तालमीला बायका उभ्या राहीनात. एकमेकींकडे बघत होत्या, पदर तोंडाला लावत होत्या. शेवटी एकीने सांगितलं. धालोत पहिलं गाणं भामाकाकी उचलते. ती नसेल तर मांडावर कोणी पाय ठेवत नाही. आणि भामाकाकी काल सकाळीच भावाकडे निघून गेली, तेरेखोलला, पार पेडण्याच्या टोकाला.

“आजारी आहे का भाऊ?” सुषमाने विचारलं.

“ना,” ती बाई म्हणाली. “मांड न्हिदला म्हणून गेली.”

मांड निजलाय. मला वाटलं, मी पुन्हा चुकीचं ऐकलं.

तेरेखोल

काकीला परत आणायला आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. स्टँडवर सुषमा केळी घेत होती. मला म्हणाली, केरीची बस लागली की जागा धरा, केरीहून फेरीबोट आहे. मी ‘केरी’ पाटी वाचली, खिडकी धरली, शेजारी पिशवी ठेवली आणि बस सुटायची वाट बघत बसले. सुषमा धावत आली ती ओरडतच. गोव्यात दोन केऱ्या आहेत म्हणे. एक सत्तरीत घाटाच्या पायथ्याशी आणि एक पेडण्यात समुद्रावर. मी घाटाची धरली होती. कंडक्टरने माझी पिशवी खाली दिली आणि काहीतरी बोलला. त्याचा अर्थ मी सुषमाला विचारला नाही.

म्हापशाला बस बदलून पेडण्यात शिरलं आणि डोळे निवले. हिरवं म्हणजे खरोखर हिरवं. काजूच्या हंगामाने सगळ्या गावांना आंबूस-गोड वास लागला होता. बसमधून उतरल्यावर एका घरापुढे थांबून आम्ही नीरो प्यायलो. काजूची बोंडं दाबून काढलेला ताजा रस असतो, घशाला जरा खवखवतो. इकडची बोली मालवणीला जवळची, त्यामुळे मला अचानक सगळं कळायला लागलं आणि उगाच हुशार झाल्यासारखं वाटलं.

केरीला फेरीबोट नदी ओलांडते. पलीकडच्या टेकडीवर किल्ला, किल्ल्यात हॉटेल, हॉटेलात गोरे पाहुणे. भामाकाकीचा भाऊ तिथेच कामाला. त्याच्या घरी पोचलो तेव्हा पेजेची वेळ झाली होती. उकड्या तांदळाची पेज आणि मिठाच्या पाण्यात मुरलेली कैरी. काकीने कोण, कुठली, कशाला आलात, काही विचारलं नाही. आधी वाढलं. साठी ओलांडलेली, सडपातळ, अंबाड्यात अबोलीचा गजरा. आम्ही खाऊन हात धुतले तेव्हा म्हणाली, “आता सांगा.”

सुषमाने मी कोण, कुठली इथपासून सगळं सांगितलं. साहेब येणार, पेपरवाले येणार, धालो सगळ्यांना दिसणार.

“मांड न्हिदला,” काकी म्हणाली. “पूसांत ताका उठयतात. आतां उठोवचो न्हय.”

पौषाशिवाय नाही. मला ते पटलं आणि नाहीही पटलं. मी म्हटलं, “काकी, भुईसाठीच कार्यक्रम आहे ना? भुईला काय एप्रिल नि काय पौष?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्यासाठी मुद्दाम सावकाश, मराठी मिसळून बोलली. “तू कोल्हापूरची. अंबाबाईला रात्री शेजारती झाल्यावर कोणी पावणा आला म्हणून उठवतात?”

पण काकीचं एवढंच म्हणणं नसावं, कारण ती मध्येच उठून पडवीच्या कडेला गेली आणि नदीकडे तोंड करून उभी राहिली.

“सुषमा, तुका खबर ना?”

“कसली?”

“रस्तो. नवो रस्तो मांडावयल्यान वयता.”

खाणीच्या ट्रकांसाठी नवा रस्ता निघणार होता आणि त्याची आखणी मांडावरून होती. काकीचा मुलगा खाणीवर मुकादम, त्याने घरात कुजबुजत सांगितलं होतं. “नाचलो तर फोटो काढणार आणि सांगणार, गावाने आशीर्वाद दिला. नाचलो नाही तर माझ्या पुताला घरी बसवणार. म्हणून मी इथे आले. मी गावात नसले म्हणजे नाचले पण नाही आणि नाही पण म्हटलं नाही.”

सुषमाचा चेहरा उतरला. “यांना माहीत असेल का?” ती माझ्याकडे बघत म्हणाली. ‘यांना’ म्हणजे दामोदररावांना.

किल्ल्यावरून एक गोरं जोडपं खाली येत होतं. काकीला बघून त्यांनी हात जोडले, काकीनेही जोडले. मला त्या क्षणी कोणाची बाजू घ्यावी हेच समजेना. सुषमाने आठवडाभर राबून केलेला कार्यक्रम, काकीचा देव, काकीचा मुलगा, आणि आमच्या घरी रोज संध्याकाळी कपड्यांना लोखंडाचा वास घेऊन येणारे माझे यजमान. मी म्हटलं, “काकी, मी तुम्हांला या म्हणत नाही. राहा पण म्हणत नाही.”

“मगे तू आलीस कित्याक?” काकीने विचारलं.

मग मी आले तरी कशाला? प्रश्न रास्त होता. आम्ही परतीच्या फेरीबोटीत चढलो तेव्हा काकी गाठोडं घेऊन मागून चढली. तिने कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

घरी आल्यावर सुषमाने चप्पलही न काढता विचारलं, “तुम्हांला माहीत होतं?”

दामोदरराव कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून बातम्या बघत होते. “होतं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“सांगून तू काय केलं असतंस? कार्यक्रम बंद? रस्ता झाला तर ट्रकाला फेऱ्या जास्त. आपण आडवे आलो तर आहेत त्यापण दुसऱ्याला जातील.” आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

सुषमा रात्री जेवली नाही. सकाळी मात्र साडी नेसून तयार झाली आणि मला म्हणाली, “वहिनी, माइकवर काय बोलायचं ते तुम्ही बघा. मला काही कळेनासं झालंय.”

मला कळत होतं असं तिला का वाटलं, देव जाणे.

वसुंधरा दिन

ऊन कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. साहेबांना तुळशीचं रोप दिलं, त्यांनी ते शेजारच्याकडे दिलं, शेजारच्याने खुर्चीखाली ठेवलं. भाषणं झाली. झाडांवर, पाण्यावर, भावी पिढीवर. शब्द सगळे चांगले होते. मीही मधूनमधून चांगलंच बोलत होते. सरबताचे प्लास्टिकचे पेले खुर्च्यांखाली गडगडत होते, आणि दूर डोंगराच्या कापलेल्या पायऱ्यांवर यंत्र चालू होतं ते त्या दिवशीही बंद नव्हतं.

साहेब उत्तरेकडचे. हिंदीत बोलले, मनापासून बोलले. आपल्या आजीने सकाळी जमिनीवर पाय ठेवण्याआधी जमिनीची माफी मागायची असते हे शिकवलं, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज खरंच ओलावला होता. हा माणूस वाईट निघाला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मग मी धालोची घोषणा केली. बायका आल्या. अनवाणी, नऊवारी नेसलेल्या, केसांत अबोली. मांडाच्या कडेला वाकून मातीला हात लावून कपाळाला नेला आणि दोन ओळी करून समोरासमोर उभ्या राहिल्या. फोटोवाले पुढे सरसावले. भामाकाकीने गाणं उचललं नाही. एक क्षण सगळ्या तशाच उभ्या होत्या. मग काकी खाली बसली. तिच्या शेजारची बसली, मग समोरची. दोन्ही ओळी जमिनीवर बसल्या आणि तशाच बसून राहिल्या.

साहेबांना वाटलं, सुरुवात अशीच असते. ते टाळ्या वाजवायला लागले. मग सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला.

टाळ्या थांबल्यावर काकी बोलली, माइकशिवाय. “तुमकां आमचे धालो जाय. पूसांत यात. आमी नाचतल्यांव. पूण तेन्ना हो मांड हांगाच आसतलो मगे?”

साहेबांनी स्टेजवरून माझ्याकडे वाकून विचारलं, “क्या कह रही हैं ये?”

माझ्या हातात माइक होता. मला कोकणी येत नाही, असं सांगता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. समोर सुषमा उभी होती, मागे ट्रकवाल्यांच्या घोळक्यात दामोदरराव. काकीच्या मुलाला मी ओळखत नव्हते, पण खाणीच्या कामगारांत एक जण मान खाली घालून उभा होता, तो तोच असावा. मी काय बोलणार हे मलाही ठाऊक नव्हतं. मोडक्या हिंदीत तोंडातून निघालं ते असं, “साहेब, त्या म्हणतात पौषात या, आम्ही नाचू. पण तेव्हा ही जागा इथंच असेल ना, असं विचारतायत.”

साहेबांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी सरपंचांकडे. सरपंच खुर्चीखालच्या तुळशीकडे बघायला लागले. बायका बसलेल्याच.

“ना,” मागून आवाज आला.

दामोदरराव पुढे आले. मांडाच्या कडेशी आले आणि वहाणा काढून थांबले, आत पाऊल टाकलं नाही. “आसचो ना, काकी. रस्त्याची आंखणी मांडावयल्यान जाल्या. हांवें कागद पळयला.” मग साहेबांकडे वळून तेच हिंदीत सांगितलं, अधिकाऱ्याच्या तोंडावर: मांड राहणार नाही, रस्त्याची आखणी त्याच्यावरूनच झालीय, कागद मी पाहिलाय. मी या माणसाला सलग एवढी वाक्यं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सुषमा मटकन खुर्चीत बसली.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. अधिकारी म्हणत होता, अजून काही पक्कं नाही. साहेब म्हणाले, मी चौकशी करतो. कोणी तरी घाईने वडे वाटायला घेतले. ट्रकवाल्यांतले काही दामोदररावांशी भांडत होते आणि काही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते. बायकांनी वडेही घेतले नाहीत. साहेबांची गाडी गेली, मांडव सुटायला लागला, दिवेलागण झाली, तेव्हा भामाकाकी उठली, मातीला नमस्कार करून घरी गेली. तिच्यामागून एकेक जण उठली. घोषणा नाही, जयजयकार नाही. निषेध होता की पूजा होती की रुसवा, मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मला बसवर सोडायला दामोदरराव आले. ट्रक दारातच उभा होता. फोन आला नव्हता, म्हणजे त्यांना फेरी नव्हती.

“आता काय होणार?” मी विचारलं.

“खबर ना, वहिनी,” ते म्हणाले. माहीत नाही. हे कोकणी मला लगेच कळलं.

घरी आल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग बरोबर कोण?” मी भाकरी थापत होते, थापतच राहिले.

पौषात सुषमाचा फोन आला. मांड आहे. धालो झाले. रस्ता वळवला. काकींमुळे, की साहेबांच्या चौकशीमुळे, की तिथली जमीन पावसात खचली म्हणून, तिने विचारलं त्या प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं. काकीच्या मुलाची नोकरी टिकली. दामोदररावांना त्या खाणीचं काम पुन्हा मिळालं नाही. ते आता चिरे आणि वाळू वाहतात आणि अजून कमीच बोलतात.

“म्हणजे चांगलंच झालं की गं,” मी म्हटलं.

सुषमा म्हणाली, “वहिनी, वळवलेला रस्ता रुक्मिणीच्या काजूतून गेला.”

रुक्मिणी त्याच गावातली, विधवा. उतारावर तिच्या सासऱ्याने लावलेली काजूची झाडं होती. मोबदला मिळाला, झाडं गेली. मांडाचा प्रश्न विचारायला सगळं गाव होतं. तिच्या उताराचा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तिथे ना वारूळ होतं, ना कोणी नाचत होतं.

“ती आली का धालोंना?”

“आली. शेवटच्या दिवशी. काकीच्या शेजारीच उभी राहिली. काकीने तिच्या कमरेत हात गुंफला, तिने काढला नाही.” सुषमाचा आवाज बारीक झाला. “सगळ्यांबरोबर वाकत होती, पुढे येत होती, मागे जात होती. पण वहिनी, ती गायली नाही. शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही तिने.”